आठ तास, मंद

वरच्या खोल्या सोडून गेले तेव्हा
भाडेकरूंनी तीन गोष्टी मागे ठेवल्या:
फ्रीजला चिकटलेलं चुंबकाचं लिंबू,
जड मातीच्या पोटाचं विजेचं भांडं,
आणि गेटपाशी, दोरी न बांधता, कुत्री.

तिचं नाव ऑलिव्ह.
म्हणजे काय गं, एकदा विचारलं होतं त्या मुलीला.
हिरवं असतं आंटी, तुरट, मिठात घालतात.
म्हणजे आवळा, मी म्हटलं.
तेव्हापासून खालच्या मजल्यावर ती आवळी.
दोन्ही नावांना कान हलवायची.
आता एकालाच हलवते. दुसऱ्याला
उठून गेटापर्यंत जाते.

पंधरा दिवस धड खाईना.
पोदेराचा पाव हुंगून तसाच ठेवला,
पेजेभोवती एक फेरी मारली,
बांगड्याचं हुमण शेजारच्या मांजराने संपवलं.
म्हापशाचे डॉक्टर म्हणाले,
मऊ शिजवा. कांदा नको, लसूण नको, मीठ नको,
शिजलेलं हाड तर मुळीच नको.
मग उरलं काय, मी विचारलं.
चारशे रुपये, कंपाउंडर म्हणाला.

रविवारी मिंगेलकडून पाऊण किलो कोंबडी,
हाडं काढून, वर थोडं काळीज.
वाटीभर उकडे तांदूळ, भोपळ्याची फोड,
फरसबी बोटभर तुकड्यांची,
पाणी दुसऱ्या पेरापर्यंत.
हात सवयीने मिठाच्या बरणीत गेला
आणि तसाच पांढरा नळाखाली धरला.

ह्या भांड्याला शिट्टी नाही.
माझा संसार सगळा शिट्ट्यांवर शिजला:
डाळीला तीन, चण्यांना सहा,
आमचे हे पायरीवर चपला काढीत तोवर
भाताची दुसरी.
हे बोलतच नाही.
एक लाल ठिपका, आणि काचेला आतून
थेंब. जमतो, ओघळतो, परत जमतो.
पहिल्या रात्री चार वेळा उठून झाकण उघडलं.
पुस्तिकेत लिहिलं होतं, उघडू नका,
दर वेळी अर्धा तास मागे जातं.
चौथ्या वेळी आवळी माझ्याकडे अशी बघत होती
जशी मी तिच्याकडे बघते,
ती गेटाशी जाते तेव्हा.

मी सोमवार करते. मांसाला शिवत नाही.
पण भांडं लावलेलं रविवारचं,
बाराच्या ठोक्याला सोमवार आपणहून त्यात शिरला
तर मी काय करू.
मंगेशाला सांगून ठेवलंय, पळी लाकडाची आहे,
आणि वाढताना मी दुसरीकडे बघते.

एकदा पहाटे तीनला लाईट गेली, शिवोलीभर.
ठिपका विझला. आत काय चाललंय,
शिजतंय की नुसतं बसलंय, कळेना.
जुनी बाथ-टॉवेल गुंडाळली त्याला, वर उशी दाबली,
आणि दोघी लादीवर बसून राहिलो.
बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली.
ती उठली. मी झाकणावरचा हात काढला नाही.
ती परत आली, गोल फिरली,
माझ्या पायावर हनुवटी टाकली. जड होती.
पाचला पंखा फिरला तेव्हा
पाय पार बधिर झाला होता.

गेल्या गुरुवारी बंगळूरहून मेसेज.
आंटी, हाय! आमचा कुकर राहिलाय का तिकडे?
कुरियर कराल? पैसे टाकते.
खाली एक पिवळा हसरा चेहरा.
कुत्रीबद्दल मी वर शोधलं, खाली शोधलं,
चष्मा पुसून परत शोधलं.

मग एका बोटाने लिहिलं:
आहे. पण तो रिकामा नसतो.

आवळी जेवली. ताटली सरकत सरकत
न्हाणीच्या दारापर्यंत गेली.
फरसबी तेवढी चाटून, स्वच्छ करून,
कडेला काढून ठेवली होती.
पुढच्या वेळी बारीक चिरायला हवी.