कानावरची पेन्सिल

"कानावरची पेन्सिल बाजूला ठेवा, काका,"
हेरवाडेबाई म्हणाली. बाई कसली, चोविशीची पोर.
विद्यापीठातून आलेली, उद्यमनगरात, आमच्या शेडमध्ये.
हातात स्टॉपवॉच, पुढ्यातला चहा गार.
ठेवली. कान उघडा पडला.

सात, दोन, नऊ, चार. उलटे सांगा.
चार, नऊ, दोन, सात.
पाचही जमले.
सहाला शेजारच्यांनी ग्राइंडर लावला
आणि मधला एक आकडा
ओल्या साबणासारखा सुटला.
"वय?"
एक्कावन्न.
तिनं लिहून घेतलं. कुठल्या रकान्यात, ते विचारलं नाही.

मग चौकटींचा कागद. आठ भरलेल्या, नववी रिकामी.
आडवं बघितलं, तर त्रिकोण फिरतोय, पाव पाव वळसा.
बरं. हे धरलं.
उभं बघितलं, तर रेघ एकेक कमी होतीय.
ती धरायला गेलो, त्रिकोण गेला.
त्रिकोण आणला, रेघा गेल्या.
दोन्ही हातांत गरम भांडी
आणि दार लोटायचंय.

मी पॅटर्नवाला. सागवानात उलटं कोरतो
ते लोखंडात सुलटं निघतं.
ओतीव थंड होताना किती आकसणार
ते आधीच वाढवून धरतो.
पण धरतो म्हणजे डोक्यात नव्हे, पोरी.
फळीवर. रेघेत, खुणेत.
एक खाली ठेवलं
की दुसऱ्याला वर जागा होते.

ती म्हणाली, "ज्यांना जास्त धरता येतं
त्यांना नवं कोडंही बहुतेक लवकर सुटतं.
बहुतेक.
का, तेच शोधतोय."
'बहुतेक'वर ती जरा अडखळली. ते बरं वाटलं.
म्हटलं, माझा बाक लहान आहे, एवढंच ना?
त्यावरचं काम लहान, असं नाही ना?
हसली.
लिहिलं मात्र नाही.

संध्याकाळी व्हीनस कॉर्नरला सिग्नल लागला.
गाडीच्या टाकीवर शेडची काळी धूळ.
बोटानं त्रिकोण काढला, पुसला,
वळवून काढला, परत पुसला, परत वळवला.
रेघा तेवढ्या मनात मोजल्या:
तीन, दोन, एक.
टोक उजवीकडं, रेघ एकच.
हेच की! एवढंच होतं की!
मागनं हॉर्नवर हॉर्न.
हिरवा कधीचा पडलेला.

पेन्सिल बाकावरच राहिली
हे पंचगंगेच्या पुलावर आल्यावर
कानाला वारा लागला, तेव्हा कळलं.