कामगंध सापळा

तीन वर्षांचा पाऊस
नखाएवढ्या पेन ड्राइव्हनं खाल्ला.

साळा देवानंद नेरच्या झेरॉक्सवाल्याकडून
लग्नाचे फोटो भरून घेऊन आला.
चपला दारात काढल्या, पाय धुतले,
आणि तो ड्राइव्ह तसाच, न धुतलेला,
कॉम्प्युटरच्या तोंडात घातला.
फोटो दिसले. नवरी दिसली, वरण वाढणारे दिसले.
सकाळी पाहतो तर
प्रत्येक फोल्डरच्या पायाशी एक वाकडा बाण,
आत काही नाही.

शाळेत शिपाई होतो. घंटा द्यायच्या आधी
पर्जन्यमापक पाहायचा, आकडा वहीत लिहायचा.
निवृत्त झालो तरी जातो.
वहीची कसरीनं चाळणी केली,
म्हणून तर हे यंत्र घेतलं, बँकेनं लिलावात काढलेलं,
आणि मृग ते स्वाती, नक्षत्रावार,
दोन बोटांनी सगळं आत भरलं.
वर कमलनं विणलेला रुमाल.
कसर निदान दिसते तरी.

दामिनी अमरावतीहून आली. हसली नाही.
"बाबा, हे बोंडअळीसारखं असते.
बोंड वरून हिरवं, टणक.
अळी आत शिरली की भोक बुजते,
मग वरून किती का फवारा."
तिनं सगळं पुसलं, नवं भरलं.
जुनं विंडोज म्हणजे फरदड, म्हणाली,
मार्चपर्यंत उभी ठेवली की किडीचं माहेर.
उपटताना मात्र माझा जीव तुटला,
सवय झाली होती त्या हिरव्या टेकडीची.

ती गेली, आणि चौथ्या दिवशी
पडद्यावर लाल पाटी, भोंगा वाजतोय:
तुमच्या संगणकात सतरा व्हायरस.
त्वरित या नंबरवर फोन करा.
सतरा! मोजून दिलेले.
हात मोबाइलकडे गेलाही.
नंबर वाचायला चष्मा शोधत होतो, तेवढ्यात
खिडकीतून बबन कुमरेची पऱ्हाटी दिसली,
काठीवरची पिवळी पिशवी हलत होती.
त्या पिशवीत मादी नसते.
तिच्या वासाची रबरी गोळी असते, बस.
पतंग रात्रभर येतात,
एकमेकांवर पडतात,
सकाळी बबन ते मोजतो.

मी खुर्चीत मागे टेकलो.
इतकी वर्षं आपण काठी रोवणारे होतो.

वायर ओढली.
"काहून बंद केलं?" कमलनं विचारलं.
म्हटलं, "वास येत होता."

आता पाहुण्याचा ड्राइव्ह आधी तपासतो.
देवानंदाचं तोंड फुगलं:
"मह्यावर भरवसा नाई काय, भाऊजी?"
"तुह्यावर हाय रे बाप्पा.
पण गोखरू धोतराले लागून घरात येते,
त्याले कोण आवतन देते?"
तो चहा न पिता गेला.
येईल. दिवाळीला येतोच.

राहिलेल्या पावसाच्या दोन प्रती केल्या.
एक कपाटात, यंत्रापासून वेगळी.
एक धाकट्या बहिणीकडे, दिग्रसला.
आजा असंच करायचा,
राखीव बियाणं एका गावात ठेवत नसे.
बहिणीनं विचारलं, यात काय आहे?
पाऊस, म्हटलं.
तिनं ती डबी लोणच्याच्या बरणीमागे ठेवली.

काल रात्री अपडेट लावला.
पडद्यावर आलं, संगणक बंद करू नका.
चौतीस टक्के.
तेवढ्यात फिडरची लाइट गेली.
आता ही पाटी
फिडरवाल्याला कोण वाचून दाखवणार?

सकाळचे चार मिलिमीटर लिहायचे राहिले होते.
टॉर्च दातात धरून
कॅलेंडरवर, शनिवारच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी
पेन्सिलनं लिहिले.
तिथं फक्त झुरळं येतात.
त्यांना मी तोंडानं ओळखतो.