उतरताना काठ्या कुठं ठेवायच्या

सासन्यांची ऋजुता आली, पण चपलेसाठी नाही.
पाठीवरची सॅक उतरवून तिनं ऐरणीशेजारी टेकवली
तशा दोन काठ्या खळ्ळकन माझ्या पायाशी.
"काका, ह्यांची काहीतरी सोय करा."

ऑक्टोबरचं ऊन सुभाषनगरच्या पत्र्यावर,
खाली आम्ही दोघं बर्फाचं बोलत बसलेलो.
मला बर्फ ठाऊक तो गोळ्याच्या गाडीवरचा
आणि मासळीबाजारात भुशात निजवलेला.
तिचा बर्फ डोंगरभर.

चढताना फळी उभी दुभंगते म्हणे,
एकेका पायाला एकेक भाग, हातात काठ्या.
माथ्यावर फळी पुन्हा जोडायची,
दोन्ही पाय तिच्यावर आडवे आवळायचे
आणि सुटायचं.
"मग काठ्या?"
"तेच तर," ती म्हणाली,
"हातात धरल्या तर दोन केरसुण्या घेऊन पळाल्यासारखं दिसतं."

मी पहिल्यांदा चपलेच्या अंगठ्यासारख्या दोन वाद्या लावल्या,
टोकं वर.
सॅक चढवून ती कातड्यांच्या ढिगावर मुद्दाम उताणी पडली.
"आई गं!"
टोक मानेपासून चार बोटांवर.
रापी हातातच राहिली माझ्या.
तिला मात्र हसू. "पडायचंच असतं, काका.
मी घरी पडून बघत नाही, इथं आले."

काठ्या एकात एक सरकवल्या,
उसाचं कांडं कांड्यात जावं तशा,
हात-दीड हात उरल्या.
टोकं खाली. त्यांना तळव्याच्या जाड चामड्याची वाटी.
मणक्यावर नको, कुशीला.
वर बकल लावणार होतो, ती म्हणाली,
हातमोज्यात बोटांना बकल कळत नाही.
मग मोठा फास आणि बाभळीची खुंटी.
मोजे कुठनं आणायचे कोल्हापुरात?
हिराबाईनं तवा धरायची दोन फडकी
तिच्या हातांना गुंडाळली.
फास सुटला. लागला. पुन्हा सुटला.
समोरचा चहावाला किटली घेऊन उभाच.

चामडं भिजलं की फुगतं, वाळलं की आक्रसतं,
दर आठवड्याला करडीचं तेल लाव, असं बजावलं.
"किती झाले?"
कानाचा भाव मला पाठ आहे, वेणीचा पाठ आहे.
हे काय शिवलं त्याला नाव नव्हतं.
"परत आलीस की दे," म्हटलं.

मार्चात परत आली. नाक काळवंडलेलं, पैसे आधी मोजून दिले.
तेल लावलेलं नव्हतं, ते लगेच कळलं.
चामड्यावर पांढरी रेघ, नदीचं पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी.
वाटीचा एक टाका उसवलेला.
म्हणाली, एकदा पाठीवर पडले, घसरत किती गेले कोण जाणे,
थांबले तेव्हा आधी हात कुशीला गेला.
होत्या.
आणि पुढं सपाटी लागली. सपाटीला फळी हलत नाही,
सगळे वाकून पट्टे सोडत बसलेले
तोवर मी खुंटी काढली, काका,
आणि वल्हवत निघाले.

ती गेल्यावर हिराबाई दारातूनच बोलली,
"दुनियेच्या काठ्यांना म्यान,
आणि आपली लोळतीय बघा."
माझी काठी. दाराला टेकवतो, दिवसातनं दहादा पडते,
दर वेळी गिऱ्हाईक दचकतं.
आम्हा गुडघेवाल्यांचं सगळंच उलटं.
जोतिबाच्या पायऱ्या कशातरी चढून जातो,
उतरताना काठी लागते.
ती पाठीला बांधून काय उपयोग?

तरी एक वादी ठोकली बाकाच्या कडेला.
सैल झाली जराशी.
आत्ताच पडली बघा पुन्हा.
राहू दे.
आधी पोरीचा टाका.