दात सोडलेली भिंत

रावपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावर,
साडेसोळा फूट रुंद, तीन मजले उंच,
असं एक घर आहे
एखाद्या रांगेतून उपटून आणल्यासारखं.

टेपचं एक टोक हर्षदभाईंनी धरलं, दुसरं मी.
वहीत लिहिलं: दर्शनी भिंत, वीट लाल.
एक पट्टी, एक तोडा, एक पट्टी, एक तोडा,
म्हणजे एक वीट कुशीवर निजलेली,
एक नुसतं कपाळ दाखवणारी;
वरच्या थरात तेच, पण थोडं सरकून.
दरजा इतक्या बारीक
की माझ्या पोलादी पट्टीची धार आत जाईना.

भास्करराव फणसे दरबारच्या खर्चानं
अडीच वर्षं लंडनला राहिले.
कुठल्याशा गल्लीत भाड्याची खोली,
धुकं, कोळसा, उकडलेले बटाटे.
येताना ट्रंकेत ती गल्लीच घेऊन आले,
कागदावर, एकास अठ्ठेचाळीस.
तिच्यातलं एक घर बांधण्यापुरते पैसे जमले
तेव्हा एक्केचाळिसावं सरत होतं.

खिडक्या उंच, वरखाली सरकणाऱ्या,
चौकटीच्या पोटात दोरीला टांगलेली शिशाची वजनं.
आजही काच वर ढकलली
की भिंतीच्या आत कुणीतरी खाली उतरतं.
सगळ्या दक्षिणेला. नकाशात तशाच होत्या.
तिथे ऊन पाहुणं;
इथे वैशाखात ते सकाळीच येऊन बसतं
आणि उठायचं नाव घेत नाही.
मग वाळ्याचे पडदे आले, मग पत्र्याचे छज्जे,
मग हर्षदभाईंचा बोर्ड.

आणि धुराडं.
जीवा मिस्त्रीनं विचारलं होतं म्हणे,
"साहेब, छापरामां काणुं? ने वरसाद?"
फणसे म्हणाले, नकाशात आहे.
धुराडं झालं. ओळंब्यात, देखणं,
माथ्यावर मातीची दोन नळकांडी.
पौषातल्या एका रात्री गारठा पडला म्हणून
फणशांनी हौसेनं शेगडीत बाभूळ पेटवली
आणि सगळं घर डोळे चोळत रस्त्यावर आलं.
चूक त्यांचीच, असं सगळ्यांनी धरलं.
त्यांनीही. पुन्हा काडी ओढली नाही.

काल मी शेगडीत वाकून टेप वर सोडला.
सहा फूट अकरा इंच. ठक्क.
टॉर्च मारला, तर पोरबंदरी फरशी,
चारी बाजूंनी चुन्यात बसवलेली,
कडेला अंगठ्याचा ठसा.
नकाशाला हो म्हणून
जीवानं पाऊस बाहेर ठेवला होता.

नोंदीत काय लिहू? दोष? दुरुस्ती?
तो रकाना मी तसाच सोडला.

बाजूच्या भिंतींचं सांगायचं राहिलं.
दोन्ही कडांना, दर दुसऱ्या थराला,
वीटभर जागा सोडून वीटभर बाहेर.
गवंडी याला दात सोडणं म्हणतात:
शेजारी घर येईल, त्याच्या विटा यांत गुंततील,
मग रांग होईल, रांगेची गल्ली होईल.
फणशांनी दोन्हीकडे दात सोडले
आणि म्हातारे झाले.
पूर्वेला लाकडाची वखार आली, आता तिथे स्कूटर लागतात.
पश्चिमेला श्रीनाथ अपार्टमेंट, पाच मजले.
मधल्या बोळात कबुतरं, ड्रेनेजचा पाइप,
कुणाचा तरी कायमचा हरवलेला चेंडू.

आम्ही बोळात शिरलो
तेव्हा वर पहिल्या मजल्यावर खिडकी उघडली.
एका बाईनं हात लांब करून
वाळत घालायच्या दोरीचं टोक
खालून सव्विसाव्या दाताला अडकवलं,
सवयीनं, बघितलंसुद्धा नाही.
एक परकर, दोन टॉवेल, शाळेचा शर्ट.

मी हर्षदभाईंना म्हटलं, जरा टेप धरा.
पाणी टपकत होतं वहीवर.
लिहिलं: पश्चिमेचा शेजार,
तीन फूट दोन इंच.