मराठी प्रत

सर्क्युलर बाणेरहून येतं, इंग्रजीत,
आणि वर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं :
पानसे, मराठी प्रत लावा.
बावीस वर्षं भोसरीच्या या टाइम ऑफिसात
मी मराठी प्रत लावतो आहे.
कँटीनचे दर, हेल्मेटसक्ती, संक्रांतीची बदली सुट्टी,
कुणी निवृत्त झालं तर दोन ओळी गोड.

या वेळी तीन पानं होती.
एक एप्रिलपासून आरोग्य विमा बदलतो आहे.
पहिल्याच ओळीत कंपनीला आनंद होत होता.
त्याचं मी 'कळविण्यात येते' केलं.

मग आला 'डिपेंडंट'.
शब्दकोशात 'आश्रित' सापडला.
लिहिला, आणि आई आठवली.
नगाला सव्वा रुपया घेऊन परकर शिवले तिनं,
माझ्या आयटीआयच्या फीपर्यंत.
ती माझी आश्रित.
आश्रितांमध्ये यापुढे आई-वडील धरले जाणार नाहीत.
वाक्य बरोबर आहे, दोनदा तपासलं.
फक्त कोण धरणार नाही ते त्यात कुठेच नाही,
विचारायला जावं तर दार कुठलं?

'को-पे'नं अर्धा तास खाल्ला.
'सहभाग' लिहिलं, तर गणपतीची वर्गणी वाटली.
'वाटा' लिहिलं, तर काहीतरी मिळणार असं वाटलं.
शेवटी सरळ लिहिलं :
शंभरातले वीस तुम्ही भरायचे.

औषधांची यादी सोबत, मुंगीएवढ्या अक्षरांत.
यादीत असेल तर कंपनी, नसेल तर तुम्ही.
बोट ठेवून खाली खाली गेलो.
थायरॉइडची होती.
संधिवाताची, जी घेतली की आईची मूठ
सकाळी नऊपर्यंत तरी मिटते,
ती नव्हती.
पुन्हा वरून सुरुवात केली.
यादी तीच होती.

एक गोष्ट मात्र मी माझ्या अधिकारात केली,
म्हणजे अधिकार नसताना.
जुनी बिलं एकतीस मार्चच्या आत,
ही ओळ तिसऱ्या पानाच्या तळाशी होती.
ती उचलून सगळ्यात वर घेतली,
ठळक, चोवीस पॉइंटात.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टलाच रांग.
पेंट शॉपच्या सुलभा ढोबळे, हीट ट्रीटमेंटचा गव्हाणे,
हॉबिंगचे इस्माईल अत्तार, हातात साडीच्या दुकानाची पिशवी,
पिशवीत बायकोच्या साखरेचं अख्खं वर्ष.
बिलं निघाली ती कोरी.
त्या गुळगुळीत कागदाची शाई
दुखण्याआधी उडून जाते.
मी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहिली :
आकडा नाही, नाव नाही, तारीख नाही,
तळाशी छापील 'लवकर बरे व्हा' तेवढं शिल्लक.
'दुकानातून दुसरी प्रत आणा,' मी म्हटलं.
अत्तार हसले. 'दुकान उठलं हो दिवाळीत.
तुम्हीच लावा आता मराठी प्रत.'

संध्याकाळी दिघीच्या नाक्यावर उतरलो.
मेडिकलवाल्यानं पंधराची पट्टी ठेवली.
'दहाच द्या,' म्हटलं.
त्यानं काही विचारलं नाही, कात्री घेतली.
हल्ली बरेच जण दहाच मागत असतील.
किंमत आणि मुदत
उरलेल्या पाचांकडे राहिली.

आईनं गोळ्या मोजल्या नाहीत.
'पॅकिंग बदललंय,' मी आपणहून सांगून टाकलं.
तिनं वाकड्या बोटानं पट्टीची कापलेली कड चाचपली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
जन्मभर कापड बेतलेलं बोट ते,
आणि म्हणाली,
कात्री सरळ नाही चाललेली.