णारा कोण?

टिपणीस बाई शिकवायच्या,
कर्ता सापडत नसेल तर धातूला ‘णारा’ लावा
आणि वाक्यालाच विचारा, कोण?
आंबा खाल्ला. खाणारा कोण?
वर्ग ओरडायचा, रामा!
दरवेळी रामाच खायचा. सोपं होतं.

तुर्भ्यात, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. एकशे बारा मशिनं.
मी तपासनीस. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब,
टॅबवर सत्त्याऐंशी प्रश्न
तुर्भे कधीच न पाहिलेल्या कुणीतरी काढलेले.
प्रश्न एकतीस : मागचा दरवाजा उघडतो का?
दाराला कुलूप. कुलपावर गंज नाही,
म्हणजे रोज लागतं.

लावणारा कोण?

सुपरवायझर भोईर म्हणाले,
मॅडम, माझ्याकडे किल्ली असते. हुकूम नसतो.
शेठ म्हणाले, बाया रिळं नेतात मागच्या मागे,
एका कुर्त्यात मला सुटतात साडेतीन रुपये,
त्यात किती रिळं बसवू, तुम्हीच सांगा.
वर चहा मागवला. बिस्किटंही.
महाप्याच्या काचेच्या इमारतीत
खरेदी बघणारा निमिष, वय सव्वीस असेल,
त्याने लॅपटॉपच वळवला माझ्याकडे :
दर चार टक्के उतरवा, अन्यथा माल ढाक्याहून घेतला जाईल.
घेतला जाईल.
खाली सही नव्हती, विभागाचं नाव होतं.
विभागाला फोन लावला की आधी बासरी वाजते,
मग तो समुद्राखालून फिरत फिरत ऐरोलीत येतो,
आणि रात्रपाळीची आपलीच एक मुलगी
कुठल्याशा मार्गारेटच्या नावाने
झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमा मागते.

दिघ्याच्या चढावर कांता साळुंके.
उरलेला माल तिच्याकडे घरी येतो, गाठोड्यातून,
दोरे कापायला. नगाला चाळीस पैसे.
प्रश्नावलीत घर नाही, म्हणून कांताही नाही.
मी तरी गेले.
ऋतुजा भूगोलाचं पुस्तक मांडीखाली दाबून
कुर्त्यांच्या घड्या घालत होती.
कांता म्हणाली, कुलपाचं लिहा ताई,
पण हळू लिहा.
काम जायला नको.
मग अंगावरचा कुर्ता दाखवला, त्याच गाळ्यातला,
बाहीला डाग म्हणून बाजारात आलेला.
ऐंशी सांगत होता मेला,
साठला पाडला.
काय हसली तेव्हा.
मीही हसले. मला ते हसू ओळखीचं होतं :
वाशीला, सेलमध्ये, दोनशे एकोणपन्नासला दोन,
हातात पिशवी, आणि खरं सांगते,
त्या संध्याकाळी मला कुणाचीच आठवण आली नव्हती.

घरी येऊन अहवाल लिहायला बसले.
शेवटचा रकाना : जबाबदार व्यक्ती.
एकवचन. बारा अक्षरांची जागा.
भोईर मावतो. शेठचं आडनाव तुटतं.
‘आम्ही सगळे’ लिहिलं तर मावतं,
पण त्या उत्तराने कुठलंच दार उघडत नाही,
आणि निमिषचा पगार नि कांताचे चाळीस पैसे
एकाच तागडीत बसवायचे,
हे बाईंनी चूक धरलं असतं.

रकाना रिकामा सोडला.
एकतीसपुढे लिहिलं :
मागच्या दाराला कुलूप आढळले.

आढळणारे काय? कुलूप.
व्याकरणात बसलं.
कर्ता : कुलूप.

सकाळी आठला अहवाल जाईल.
आता पावणेदोन.
कुर्त्याच्या काठाला एक दोरा लोंबतोय,
कुणाच्या तरी हातून राहिलेला,
मी मघापासून तो बोटाला गुंडाळतेय
आणि सोडतेय.
एकतीसवर परत गेलेय.
‘आढळले’ खोडलंय. पुढे काही लिहिलेलं नाही अजून.