अकरा खण

दौलतगंजात, दुकानाच्या मागच्या खोलीत,
दोन टेराबाइटची कोरी डिस्क
केबलच्या टोकाला गुरगुरत बसली आहे
आणि पडद्यावरची चौकट विचारते:
फाइल सिस्टिम निवडा.

माझा सूर कधी लागला नाही.
दुसऱ्याच महिन्यात द्वारकाबाईंनी
मला सतरंजीवरून उठवून रेकॉर्डरपाशी बसवलं.
"तू ऐक. ऐकणाराही लागतो कुणी."
बावीस वर्षं ऐकलं.
एकशे चौदा कॅसेटी, मग ते मुठीएवढं डिजिटल यंत्र,
आणि शेवटचा वर्ग, सलग तीन तास दहा मिनिटं,
समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टाही ज्यात तालात आहे.

फॅट बत्तीस. जुना माणूस, कुठल्याही घरी जेवणारा.
इरफानच्या ई-रिक्षातल्या प्लेअरला तर एवढाच ओळखीचा,
आणि इरफानला बाई हव्यात.
सात वर्षं त्याने त्यांना कंपूहून शाळेत सोडलं,
निम्म्या दिवशी "कल दे देना, माताजी."
पण चार जीबीपाशी हा हात जोडतो.
चोवीस बिट, शहाण्णव हजार. पाठकोऱ्या बिलावर हिशेब मांडला:
दोन तास चार मिनिटं.
तिथे बाई काय म्हणत होत्या ते लावून पाहिलं.
काही नाही, पाणी पीत होत्या.
घोट खाली उतरण्याआधी फाइल तुटली असती.

एनटीएफएस रोजनिशी ठेवतो.
लाइट गेली, आली, की सांगतो
कुठवर लिहून झालं होतं.
मे महिन्यातल्या ग्वाल्हेरला असाच कारकून हवा.
पण सुश्रुत बंगळुरूला, मॅकवर.
त्याला आईचा आवाज ऐकता येईल,
त्या डिस्कवर आपलं एक अक्षर लिहिता येणार नाही.
फोनवर हे सांगितलं, तर बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग म्हणाला,
"आधी तरी कुठे लिहिता यायचं, मुकुंददादा?"

एक्सफॅट दोन्हीकडे चालतो, लांब फाइलींना भीत नाही,
रोजनिशी मात्र ठेवत नाही.
लिहिता लिहिता कुणी वायर ओढली की हिशेब संपला.
माझ्या घरी दोन नातवंडं आणि एक मांजर.

तरी एक्सफॅट.
डिस्क दोन, एक माझ्या कपाटात, कुलपात.
इरफानला वेगळा पेन ड्राइव्ह, त्याला कळेल असा,
तुकडे करून. तुकडे मी पाडले,
यंत्राचं पोट भरेल तिथे नाही, समेवर.
सूर नव्हता, सम मला नेहमी कळायची.

आता खाली छोटी टिकली: क्विक फॉरमॅट.
क्विक म्हणजे नुसतं अनुक्रमणिकेचं पान फाडायचं.
आवाज आतच राहतात, पत्ता हरवलेले,
त्यांच्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत.
हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.
बाई गेल्या त्या दिवाळीत सुश्रुतने जुनी डिस्क
रिकामी समजून पुसली होती.
तीन रात्री मी ती खणत होतो.
पहिलं जे हाती लागलं ते गाणं नव्हतंच.
तंबोरा, खोकला, आणि
"थांब. जुळू दे."

शेवटी नाव विचारतात डिस्कचं.
अकरा खण, त्याहून जास्त नाही.
यंत्र काना वेगळा मोजतं, वेलांटी वेगळी,
द चा मोडका पायसुद्धा वेगळा.
दहा खणांत द्वारकाबाई बसल्या,
अकराव्यात जरा मोकळी हवा,
खासगीवाले चपला हातात घेऊन दाराबाहेर.
बाईंना हे चाललं नसतं. आडनावावर त्यांचा फार जीव.

सगळं खोडलं.
मग दोनच शब्द टाइप केले.
जुळू दे.
मधल्या जागेसकट सात. चार खण उरले,
उरू देत.

हिरवी पट्टी सरकते आहे.
बाहेर इरफान हॉर्न वाजवतोय, सवारी बसलेली आहे,
आणि मी हात वर करून, सवयीने,
त्याला गप्प राहायची खूण करतो.